लोणार विवरातील पायवाटा
बुलढाणा जिल्ह्यातील लोणार या तालुक्याच्या ठिकाणालगतच्या उल्काघाती विवरात उतरणाऱ्या व त्याच्या कड्यावरून फिरणाऱ्या जुन्या वाटा. दख्खनच्या बेसाल्ट खडकात झालेल्या या विवराचा व्यास सु. १·८ किमी. व खोली सु. १५० मी. आहे. तळाशी सु. १·२ किमी. व्यासाचे खाऱ्या पाण्याचे सरोवर आहे. धबधबा, कडा, राई व जलाशय ही सर्व थोड्या चालण्यात दिसतात. मात्र या वाटा मुळात पर्यटनासाठी पडलेल्या नाहीत.

सर्वांत जुनी वाट यात्रेकरूंची होय. ईशान्येकडील कड्यावर गोमुखातून पडणारा गोड्या पाण्याचा बारमाही झरा ‘धार’ या नावाने ओळखला जातो. तेथे स्नान करून भाविक पायऱ्यांनी खाली उतरतात आणि भग्न मंदिरांवरून सरोवराच्या काठी कमळजादेवीच्या मंदिरापर्यंत जातात. विष्णूने लवणासुराचा येथे वध केला, अशी कथा आहे. गावातील दैत्यसूदन मंदिर तिच्याशी निगडित आहे. अबुल फज्लच्या आईन-इ-अकबरीत (सोळावे शतक) मेहकरच्या वर्णनात लोणारच्या पावित्र्याचा उल्लेख असून ब्राह्मण त्यास विष्णुगया म्हणतात, असे नमूद केले आहे.

दुसरी वाट व्यवसायाची. काच व साबण यांसाठी लागणारे क्षार येथे मिळत व त्यांपासून महसूलही येई, असे त्याच ग्रंथावरून दिसते. उन्हाळ्यात पाणी आटले म्हणजे काठावरील क्षार गोळा करून कड्यावर आणावा लागे. अर्थात देवदर्शनाची वाट व ओझ्याची वाट या एकाच उतारावर होत्या.

तिसरी वाट अभ्यासकांची. १८२३ मध्ये जे. ई. अलेक्झांडर या ब्रिटिश अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. भोवती लाव्ह्याचा प्रदेश असल्यामुळे हे ज्वालामुखीचे मुख असावे, असे दीर्घकाळ मानले गेले. कड्यावरून चालताना या प्रश्नाचे उत्तर अंशतः डोळ्यांसमोरच असते : एरवी जवळजवळ आडवे असणारे बेसाल्टचे थर येथे वर उचलले जाऊन बाहेरच्या बाजूस कलले आहेत आणि कडा भोवतालच्या सपाटीपेक्षा उंच आहे. १९७३ मध्ये फ्रेड्रिक्सन व सहकाऱ्यांनी खडकांतील आघातजन्य काचमय द्रव्याचा पुरावा प्रसिद्ध केल्यावर उल्काघाताचे मत दृढ झाले. विवराच्या वयाविषयी मात्र एकमत नाही. तापदीप्ती पद्धतीने ते सु. ५२ हजार वर्षे, तर आर्गॉन पद्धतीने (२०११) सु. ५·७ लाख वर्षे आले आहे.

पुढे या स्थळास राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारकाचा दर्जा मिळाला. २००० मध्ये येथे वन्यजीव अभयारण्य झाले व २०२० मध्ये सरोवराचा समावेश रामसर स्थळांत झाला. त्याच वर्षी जूनमध्ये पाणी गुलाबी झाले. पाणी कमी होऊन क्षारता वाढल्यावर लवणप्रिय सूक्ष्मजीवांची वाढ झाल्यामुळे हा रंग आला, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेच्या तपासणीतून आढळले.

येथील वाटांचे व सरोवराचे भवितव्य पाण्याशीच जोडलेले आहे. सरोवरास बाहेर जाणारा प्रवाह नाही. जे आत येते ते बाष्पीभवनानेच कमी होते व क्षार मागे राहतात. धारेचे गोडे पाणी अधिक आले तर क्षारता घटते व त्या क्षारांवर जगणारी सूक्ष्म जीवसृष्टी बदलते. सांडपाणी किंवा शेतातील खतांचा अंश आला, तर तो आतच साठतो. उतारांवर पसरलेल्या वेड्या बाभळीने मूळच्या वनस्पतींची जागा घेतली आहे. यात्रेकरूला पवित्र वाटणारी धार आणि अभ्यासकाला मोलाचे वाटणारे खारे पाणी यांचा तोल सांभाळणे, हा लोणारच्या संरक्षणातील मुख्य प्रश्न आहे. कड्यावरील अर्ध्या तासाच्या फेरीत तो तोल स्पष्ट दिसतो : वर गोडे पाणी पडते आणि खाली तेच खारे होते.