मंगळावरचे हल्लेखोर आणि मंगळवेढ्याचे भिक्षेकरी

३० ऑक्टोबर १९३८ च्या रात्री ऑर्सन वेल्स या तरुण नटाने अमेरिकेत रेडिओवर एक नाटक सादर केले. एच. जी. वेल्सच्या कादंबरीवरचे, मंगळावरून पृथ्वीवर हल्ला झाल्याचे. सादरीकरण मात्र बातम्यांसारखे. सुरुवातीला हे नाटक असल्याचे सांगितले होते, पण ज्यांनी उशिरा रेडिओ लावला त्यांना ते कळले नाही. दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांत मथळे आले, देशभर घबराट.

समाजशास्त्र शिकताना आम्हाला हे उदाहरण गर्दीच्या भोळेपणाचे म्हणून शिकवले. नंतर वाचनात आले की पुढच्या अभ्यासकांच्या मते ती घबराट वर्तमानपत्रांनी फुगवली होती. जाहिरातींचा पैसा रेडिओ पळवत होता, त्याला बेजबाबदार ठरवण्याची संधी त्यांनी साधली. म्हणजे अफवेबद्दलचीही एक अफवा! पण १९४९ साली इक्वेडोरच्या क्विटो शहरात हेच नाटक झाले आणि फसवले गेल्याच्या रागात जमावाने रेडिओ केंद्राची इमारत पेटवली. तिथे माणसे खरोखर मेली.

आता आपल्या जिल्ह्याकडे येऊ. २०१८ च्या उन्हाळ्यात देशभर मोबाईलवर एक चित्रफीत फिरत होती. गल्लीत मुले खेळताहेत, मोटारसायकलवरून दोघे येतात, एका मुलाला उचलून नेतात. हेही नाटकच होते. कराचीतल्या एका संस्थेने पालकांना सावध करण्यासाठी बनवलेले. शेवटी ते दोघे मुलाला परत आणून सोडतात आणि एक फलक दाखवतात. तेवढा शेवट कुणीतरी कापला. वेल्सच्या नाटकाची सुरुवात श्रोत्यांकडून हुकली होती, इथे शेवट जाणूनबुजून काढला गेला. अशा कितीतरी चित्रफिती आणि संदेशांनी ‘मुले पळवणारी टोळी’ गावोगाव पोहोचवली.

१ जुलै २०१८, रविवार. धुळे जिल्ह्यातल्या साक्री तालुक्यात राईनपाड्याला आठवडी बाजार होता. नाथपंथी डवरी गोसावी समाजाचे पाच जण भिक्षा मागत तिथे आले होते, बहुतेक मंगळवेढा तालुक्यातले. आम्हा श्रीपूरकरांना पंढरपूर ओलांडले की मंगळवेढा. मुले पळवणारे म्हणून जमावाने त्यांना धरले, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडले आणि ठेचून मारले. पाचही जण गेले. त्याच दिवशी मालेगावातही जमावाने पाच जणांना घेरले होते. ते वाचले.

‘व्हॉट्सअ‍ॅपने मारले’ असे तेव्हा सगळे म्हणाले. मला ते पटत नाही. चित्रफितीतले चोर मोटारसायकलवर होते, मग मार भिक्षेकऱ्यांनाच का बसला? १८७१ च्या कायद्याने इंग्रजांनी जमातीच्या जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या. सोलापूरच्या सेटलमेंटमध्ये माणसे तारेच्या कुंपणाआड डांबली. तो कायदा १९५२ ला गेला, नजर गेली नाही. डवरी गोसावी त्या यादीत होते की नव्हते याने फरक पडत नाही, पालात राहणारा सगळा माणूसच संशयित झाला. शिवाय महाराष्ट्रात १९५९ चा कायदा आहेच, भीक मागणे हाच गुन्हा मानणारा. पोट भरण्याचा परंपरागत मार्गच बेकायदा! म्हणजे संशयित कोण, हे अफवा येण्याआधीच ठरलेले होते. मोबाईलने फक्त वेळ ठरवली.

१७ जुलैला सर्वोच्च न्यायालयाने झुंडबळींबाबत सरकारांना निर्देश दिले. कंपनीने संदेश एका वेळी पाच ठिकाणीच पाठवण्याची मर्यादा घातली. २०२० मध्ये पालघरच्या गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा चालक अशाच अफवेतून मारले गेले, तेही तितकेच भीषण होते. त्यावर वाहिन्यांनी आठवडेच्या आठवडे घालवले. राईनपाडा आज किती जणांना आठवतो, आपल्याच चळवळीतल्या दहा मित्रांना विचारून बघा.

त्या जूनमध्ये ती चित्रफीत आमच्या एका गटावरही आली होती. मी पुढे पाठवली नाही. पण ती खोटी वाटते, असेही लिहिले नाही. टाकणारा वयाने मोठा होता, कशाला वाद, म्हणून गप्प बसलो.