काजळीवर उमटलेला आवाज

नादकाट्याच्या एका भुजेला बारीक केस चिकटवायचा, काटा वाजवायचा आणि काजळी धरलेल्या काचेवरून तो केस सरकन ओढायचा. काचेवर नागमोडी रेघ उमटते. हा प्रयोग आपल्यापैकी पुष्कळांनी वर्गात करून दाखवला असेल. पण एखाद्या विद्यार्थ्याने, "सर, या रेघेवरून तो आवाज पुन्हा ऐकता येईल का?" असे विचारले, तर काय उत्तर द्याल?

एदुआर-लेओं स्कॉट द मार्तँव्हील हा पॅरिसमधला मुद्रितशोधक. छपाईची मुद्रिते तपासणे हा त्याचा व्यवसाय. कानाच्या पडद्याची नक्कल करणारे यंत्र त्याने बनवले आणि १८५७ मध्ये त्याचे पेटंट घेतले. कर्ण्याच्या टोकाला ताणलेला पातळ पडदा, पडद्याला एक राठ केस आणि त्यापुढे दंडगोलावर गुंडाळलेला काजळीचा कागद, अशी याची रचना. यंत्राचे नाव फोनोटोग्राफ. आवाज परत ऐकावा असे स्कॉटच्या मनात कधीच नव्हते. त्याला आवाज डोळ्यांनी वाचायचा होता. एडिसनने १८७७ मध्ये बोलके यंत्र केले, म्हणून स्कॉटची कीव करण्याची पद्धत आहे. मला ती पटत नाही. आवाजाचे आलेख रोज वाचणाऱ्या आजच्या संशोधकांचा तो पूर्वज आहे.

दंडगोल हाताने फिरवायचा असल्यामुळे त्याचा वेग कमीजास्त होई. यावर उपाय म्हणून १८६० च्या कागदांवर आवाजाच्या रेघेशेजारी एका नादकाट्याचीही रेघ उमटवलेली आहे. पुढची सगळी गंमत या दुसऱ्या रेघेत आहे.

९ एप्रिल १८६० रोजी 'ओ क्लेर द ला ल्यून' या फ्रेंच गीताचा तुकडा असा नोंदला गेला. २००८ मध्ये अमेरिकेतील काही अभ्यासकांनी पॅरिसमधल्या त्या कागदाची बारकाईने प्रतिमा घेतली आणि कॅलिफोर्नियातील लॉरेन्स बर्कली प्रयोगशाळेत संगणकाच्या साह्याने तिचा आवाज केला. तत्त्व सोपे आहे. प्रतिमेच्या प्रत्येक उभ्या पट्टीत रेघ किती वर किंवा खाली आहे ते मोजायचे. मिळालेली आकड्यांची माळ म्हणजेच आवाज. संगणकातल्या 'वेव्ह' फाइलमध्ये तरी दुसरे काय असते? (एमपी३ मध्ये कानाला न जाणवणारा भाग गाळलेला असतो, म्हणून विश्लेषणासाठी ती टाळलेली बरी.) मग नादकाट्याची प्रत्येक लाट सारख्या लांबीची होईल अशा बेताने आवाजाची रेघ ताणायची किंवा आवळायची. हातामुळे आलेला वेगाचा चढउतार निघून जातो.

ऐकू आला तो एका मुलीचा किंवा तरुणीचा आवाज! जगभरच्या वर्तमानपत्रांनी तसेच छापले. पण पुढच्याच वर्षी चूक लक्षात आली. नादकाट्याची कंपने सेकंदाला ५०० अशी मानली होती. त्या काळच्या फ्रेंच पद्धतीत मात्र एका बाजूकडून दुसऱ्या बाजूला जाणे हेच एक कंपन मोजत. जाऊन परत येणे म्हणजे दोन. आपल्या हिशेबाने तो काटा २५० हर्ट्झचा होता. वेग निम्मा केल्यावर ती मुलगी नाहीशी झाली आणि सावकाश गाणारा एक पुरुष ऐकू आला. तो बहुधा स्वतः स्कॉट असावा. आपल्याकडे 'सेकंद-लंबका'चा आवर्तकाल दोन सेकंद का, असे मुले विचारतात, तेव्हा ही गोष्ट जरूर सांगावी. गोंधळ तोच आहे.

कागदाच्या जागी व्हिडिओ घेतला तरी प्रश्न बदलत नाही. २०१४ मध्ये एमआयटीच्या संशोधकांनी ध्वनिरोधक काचेपलीकडे ठेवलेल्या वेफर्सच्या रिकाम्या पिशवीचे चित्रण सुमारे साडेचार मीटरवरून केले आणि पिशवीच्या थरथरीतून खोलीतले बोलणे परत मिळवले. त्यासाठी सेकंदाला हजारो चित्रे टिपणारा कॅमेरा लागला, कारण एखादी वारंवारता पकडायची तर सेकंदाला तिच्या दुपटीहून अधिक मोजमापे हवीत. साध्या कॅमेऱ्याची ६० चित्रे ३० हर्ट्झशीच थांबतात. पण असे पुष्कळ कॅमेरे संपूर्ण चित्र एकदम न टिपता एकेक ओळ टिपत जातात. त्या ओळींचाच उपयोग करून याच संशोधकांनी ६० चित्रांच्या कॅमेऱ्यातूनही वरचे स्वर काढून दाखवले. मात्र एक चित्र संपून दुसरे सुरू होईपर्यंत काही क्षण कॅमेरा काहीच टिपत नाही. तेवढी जागा आवाजात रिकामी राहते, आणि ती शेजारच्या आवाजावरून अंदाजाने भरून काढावी लागते.