मुक्काम पाण्याशी

मुंबईकरांच्या डोंगरभटकंतीचा इतिहास सांगताना जो तो 1850 पासून सुरुवात करतो. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट चौकहून वर चढला, माथेरान ‘सापडलं’, पुढे बंगले उठले आणि 1907 मध्ये आदमजी पीरभॉय यांची छोटी गाडी नेरळहून वर जाऊ लागली. हे सगळं खरं, पण ती झाली हवा खाण्याची गोष्ट. सॅक लावून हिंडणाऱ्यांची वाट त्याहून कितीतरी जुनी.

आम्ही कल्याणची पोरं. शनिवारी माळशेजची एसटी धरायची, वैशाखरे गेलं की उतरायचं आणि नाणेघाट चढायचा. तंबू कुणाकडेच नव्हता. घाटमाथ्याजवळचं लेणं सातवाहनांनी खोदून ठेवलेलं. आत तिन्ही भिंतींना दगडी बाक, वर ब्राह्मीतला राणी नागनिकेचा लेख: कुठल्या यज्ञात किती गायी, किती हत्ती, किती कार्षापण दिले त्याचा चोख हिशेब. स्टोव्ह पेटवायचा तो बाहेर, लेण्याला काजळी लागू द्यायची नाही, यावर म्होरक्या फार कडक. खिचडी बहुधा करपायचीच.

लेण्याशेजारी पाण्याची टाकी आहेत. कल्याण बंदरातला माल याच वाटेनं जुन्नरला, पुढे पैठणला जाई. दमलेला तांडा थांबणार कुठे, तर पाण्याशी. वर जकातीचा म्हणून दाखवतात तो दगडी रांजणही आहेच. दोन हजार वर्षांनी आम्हीही तिथेच पथारी टाकत होतो, त्याच कारणानं. राजमाची घ्या, हरिश्चंद्रगड घ्या. मुक्कामाची जागा आधी टाकं किंवा तळं ठरवतं, नजारा मागाहून. पवनेच्या काठी आता आयते तंबू लागतात. गावातल्या पोरांना चार पैसे मिळतात, तेव्हा माझी तक्रार फक्त स्पीकरबद्दल.

रानातला मुक्काम नेहमी हौसेचाच होता असं नाही. माथेरानचेच भाई कोतवाल, वकील माणूस, बेचाळीसच्या लढ्यात आझाद दस्ता ही क्रांतिकारकांची तुकडी घेऊन या डोंगरांतल्या रानांत राहिले. मुंबईकडे वीज नेणारे मनोरे पाडायचे आणि जंगलात मुक्काम हलवत राहायचं. 2 जानेवारी 1943 ला सिद्धगडाच्या जंगलात पोलिसांनी पहाटे त्यांना गाठलं. ते आणि त्यांचे साथीदार हिराजी पाटील तिथेच पडले. दर 2 जानेवारीला तिथल्या स्मारकापाशी लोक जमतात.