आघातोत्तर संपीडनसामर्थ्य
आघाताने इजा झालेला संमिश्र पदार्थाचा भाग दाबाखाली किती भार पेलतो, याचे माप. बोइंग ७८७ च्या रचनेत वजनाने सुमारे निम्मा वाटा संमिश्रांचा, मुख्यतः कार्बन तंतू व इपॉक्सी रेझिनच्या थरांचा, आहे. पान्हा पडला तर धातूला पोचा येतो आणि तो दिसतो. संमिश्राचा पृष्ठभाग मात्र जवळजवळ अभंग राहून आतले थर सुटू शकतात. दाबाखाली हे सुटे पातळ थर बाहेर फुगतात, फट पसरते आणि सामर्थ्य निम्म्यावरही येऊ शकते.

व्हिटनी व न्यूइस्मर यांनी १९७४ मध्ये भोकापासून ठरावीक अंतरावरील प्रतिबल तपासण्याचा निकष मांडला. इजेला समतुल्य भोक मानून तो येथेही लावतात. निकष सोपा, पण ते अंतर प्रयोगातूनच काढावे लागते, म्हणून याला निखळ भाकीत म्हणणे धाडसाचे. सान्त घटक पद्धतीत थरांमधील जोड तुटण्याची क्रियाच गणतात. तरीही १५० × १०० मिमी. नमुन्यांच्या चाचण्या टळलेल्या नाहीत. जेमतेम दिसणारी इजा असलेल्या विमानरचनेने सेवेतील अपेक्षित कमाल भाराच्या १.५ पट भार पेलावाच लागतो.