साधनांची छपाई आणि मराठी इतिहाससंशोधन

मराठीत इतिहाससंशोधनाला विद्यापीठाच्या कितीतरी आधी छापखान्याचा आश्रय मिळाला. का. ना. साने, ज. बा. मोडक आणि विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनी १८७८ मध्ये सुरू केलेल्या ‘काव्येतिहाससंग्रह’ या मासिकाने जुनी काव्ये व बखरी हप्त्याहप्त्याने छापल्या. बखर, म्हणजे घडून गेलेल्या प्रसंगांची बहुधा मागाहून रचलेली गद्य हकिकत, हेच त्या वेळी इतिहासाचे प्रमुख साधन मानले जाई. वि. का. राजवाडे यांनी १८९८ मध्ये ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’चा पहिला खंड काढून १७५० ते १७६१ या काळातील पत्रे पुढे ठेवली, तेव्हा प्रसंग घडत असताना लिहिलेल्या कागदापुढे बखरीची पत घसरली.

हे कागद छापणे म्हणजे केवळ नक्कल करणे नव्हते. ते ज्या मोडी लिपीत असत, तीत शिरोरेघ आधी ओढून तिच्याखाली अक्षरे सलग लिहिली जात, त्यामुळे एक शब्द कोठे संपतो आणि दुसरा कोठे सुरू होतो हे वाचणाऱ्यालाच ठरवावे लागे. शिवाय ‘छ’ या खुणेपुढे मुसलमानी महिन्याचा चंद्र, म्हणजे तारीख, असली तरी वर्ष पुष्कळदा गाळलेले असे, आणि ते मजकुरातील मोहिमांवरून ताडून, निरनिराळ्या कालगणनांचा मेळ दाखवणाऱ्या जंत्रीशी पडताळावे लागे. वर्ष चुकले की कार्यकारणाची साखळीच उलटी होई. खरे संशोधन या निवाड्यांत होते, तरी वाचकांनी डोक्यावर घेतल्या त्या राजवाड्यांच्या लांबलचक, काहीशा भांडखोर प्रस्तावना!

राजवाडे व खं. चिं. मेहेंदळे यांनी १९१० मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापले आणि एकट्यादुकट्याच्या खटपटीला संस्थेचे बळ मिळाले. पेशवे दप्तर, म्हणजे पेशव्यांच्या कारभाराचे कागद, मात्र इंग्रज सरकारच्या ताब्यात असल्याने अभ्यासकांना सहजासहजी खुले नव्हते. त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड गो. स. सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासूनच्या काही वर्षांत निघाले. या निवडीत राजकारण व मोहिमांचे पारडे जड राहिले, आणि हिशेब, वसुली, गावगाड्याचे तंटे असले बहुतेक कागद रुमालांत, म्हणजे दप्तराच्या कापडी गाठोड्यांत, मोडीतच बांधलेले राहिले.