झळा मोजून पाण्याचा हिशोब : सिंटिलोमीटर म्हणजे काय?

राजूर (ता. वणी) : उन्हाळ्यात दुपारी रिकाम्या वावराकडे पाहिलं की पलीकडची झाडं पाण्यात दिसावीत तशी हलताना दिसतात. चुनाभट्टीच्या तोंडावर तर हे बाराही महिने दिसतं. याला आपण झळा म्हणतो. या झळांची हालचाल मोजून वावरातून किती ऊष्णता वर जाते आणि किती पाणी उडून जातं, हे सांगणारं एक यंत्र आहे. त्याचं नाव सिंटिलोमीटर.

तापलेली हवा विरळ असते, थंड हवा दाट. दोन्हीचे गोळे एकमेकांत घुसळतात आणि त्यातून जाणारा उजेड थोडा थोडा वाकतो. रात्री तारे लुकलुकतात तेही यामुळेच. घुसळण जास्त तर लुकलुक जास्त, एवढ्या साध्या गोष्टीवर हे यंत्र उभं आहे.

वावराच्या एका टोकाला उंच खांबावर उजेड सोडणारा भाग बसवतात, दुसऱ्या टोकाला तो पकडणारा. मधलं अंतर काहीशे मीटरपासून चार-साडेचार किलोमीटरपर्यंत चालतं. हा उजेड डोळ्यांना दिसत नाही. टीव्हीच्या रिमोटमधून निघतो त्याच जातीचा, म्हणजे इन्फ्रारेड असतो. पकडणारा भाग उजेड सेकंदाला शेकडो वेळा मोजतो आणि तो किती कमी-जास्त झाला ते नोंदवतो. अंतर लांब आणि भिंग बारीक असलं, की लुकलुक इतकी वाढते की हिशोबच लागत नाही. त्यावर १९७८ मध्ये अमेरिकेतल्या वांग, ऑक्स आणि क्लिफर्ड या शास्त्रज्ञांनी मोठ्या भिंगाचा उपाय मांडला. आता साधारण १५ सेंटिमीटर व्यासाचं भिंग वापरतात. ग्रह ताऱ्यासारखे लुकलुकत नाहीत, कारण ते आपल्याला ठिपक्याऐवजी छोट्या चकतीएवढे दिसतात आणि बारीक हेलकावे आपसात मिटून जातात. मोठ्या भिंगाचं काम तसंच.

नुसत्या लुकलुकीवरून मात्र ऊष्णता निघत नाही. वाऱ्याचा वेग, हवेचं तापमान, दाब आणि पिकाची उंची हेही लागतं. शिवाय ऊष्णता वर चालली की खाली, हे यंत्राला कळत नाही. दुपार आहे की रात्र, ते आपणच पाहायचं.

आता पाण्याकडे येऊ. उन्हातून जमिनीला मिळालेली ऊर्जा मुख्यतः तीन वाटांनी जाते : काही जमीन तापवते, काही हवा तापवते, उरलेली पाण्याची वाफ करते. हवा तापवणारा वाटा सिंटिलोमीटर देतो, बाकी दोन गोष्टी साध्या उपकरणांनी मोजता येतात. वजाबाकी केली की वाफेचा वाटा हाती येतो. एक लिटर पाण्याची वाफ व्हायला सुमारे २.४५ मेगाज्यूल ऊर्जा लागते.

उदाहरण म्हणून धरा, भर दुपारी दर चौरस मीटरला ५०० वॉट ऊर्जा मिळाली. ओलिताच्या गव्हात जमिनीत ५० आणि हवेत १५० गेले, तर वाफेला ३०० उरले. म्हणजे तासाला एका एकरातून सुमारे १,७८० लिटर पाणी उडालं. शेजारच्या कोरड्या वावरात हवाच ३८० वॉट घेऊन गेली, तर वाफेला फक्त ७० उरतात. तिथून तासाला सव्वाचारशे लिटरच्या आसपासच पाणी गेलं. सूर्य एकच, धुरा एकच, पण हिशोब केवढा वेगळा!

याचं आपल्याला काय, असं कोणी विचारेल. दुष्काळ व्यवस्थापन संहिता, २०१६ मध्ये जमिनीतल्या ओलाव्याचा एक निर्देशांक आहे, मॉइश्चर ॲडिक्वसी इंडेक्स. पीक-जमिनीतून प्रत्यक्षात उडालेलं पाणी आणि पाणी भरपूर असतं तर उडालं असतं तेवढं पाणी, यांचं ते प्रमाण आहे. प्रत्यक्ष उडालेल्या पाण्याचा आकडा एरवी पाऊस आणि जमिनीच्या हिशोबातून काढतात, किंवा उपग्रहावरून अंदाज बांधतात. तो अंदाज जमिनीवर तपासायला सिंटिलोमीटर उपयोगी पडतं. उपग्रहाचा एक ठिपका शेकडो मीटरचा, कधी किलोमीटरचा असतो. एका वावरात ठेवलेलं छोटं उपकरण त्याच्याशी कसं जुळणार? सिंटिलोमीटर अख्ख्या पट्ट्याची सरासरी देतं, तीही मधल्या भागाला जास्त वजन देऊन. उत्तर भारतात ओलिताच्या पिकांवर असे प्रयोग झाले आहेत.

राजूरच्या शिवारात असं यंत्र लावायचं म्हटलं तर जागा जपून निवडावी लागेल. भट्टीवरून वारा आला तर भट्टीचीच ऊष्णता मोजली जाईल. कोळशाची आणि चुन्याची धूळ भिंगावर बसली की उजेड कमी पोचतो. भरलेले ट्रक जवळून गेले आणि खांब थरथरला, तर यंत्र ती थरथरसुद्धा झळांमध्येच मोजतं. धुकं आणि जोराचा पाऊस असला की नोंद जवळपास बंदच. म्हणून पऱ्हाटी-तुरीचा सलग, सपाट पट्टा हवा, रस्त्यापासून लांब, आणि खांब पक्क्या पायावर.

हे यंत्र महाग आहे आणि चालवायला जाणकार माणूस लागतो. एकट्या शेतकऱ्याने घ्यायची ही वस्तू नाही. ते काम विद्यापीठ किंवा हवामान संस्थेचं. आपल्या तालुक्याचा ओलाव्याचा आकडा कुठून आला आणि तो कोणत्या मोजणीशी ताडून पाहिला, हे मात्र ग्रामसभेत सहायक कृषी अधिकाऱ्यांना कोणीही विचारू शकतं.