पडवीतल्या गांधीलमाश्या

गेल्या पावसाळ्यानंतर मुळशी खोऱ्यातल्या एका शाळेत गेलो होतो. पडवीच्या वाशाला गांधीलमाश्यांचे पोळे लटकत होते आणि मुले डबे खायला बसायची ती नेमकी त्याखालीच. "रात्री पलिता लावून टाकू का?" गुरुजींनी विचारले. मी म्हटले, आधी ही गांधीलमाशी कोणती ते पाहू.

'कोणती' या प्रश्नाचे उत्तर तसे जुने आहे. पोटावर रुंद पिवळा पट्टा असलेल्या मोठ्या काळ्या गांधीलमाशीला लिनियसने १७५८ मध्ये नाव दिले. ती आज 'व्हेस्पा ट्रॉपिका' म्हणून ओळखली जाते. घरांच्या वळचणीला दिसणारी तांबूस-तपकिरी, सडपातळ 'रोपालिडिया मार्जिनाटा' हिचे वर्णन लपलतिए या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८३६ मध्ये केले. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रॉटन या वनाधिकाऱ्याने पुण्यातून पुष्कळ मुंग्या-माश्या गोळा करून अभ्यासकांकडे पाठवल्या, आणि १८९७ मध्ये बिंगहॅमचा भारतातील माश्यांवरचा जाडजूड ग्रंथ निघाला. पण हे बहुतेक ज्ञान टाचणीला लावलेल्या माशीचे. जिवंत माशी पोळ्यावर दिवसभर करते काय, हे कळायला तिच्यासमोर बसावे लागते.

तसे बसणाऱ्यांत पुण्याची माणसे होती. हार्वर्डहून परतलेले माधव गाडगीळ १९७१ ते १९७३ या काळात पुण्यात महाराष्ट्र विज्ञानवर्धिनीत होते. रोपालिडियात राणी आणि कामकरी हा भेद कसा पडतो, यावर गाडगीळ आणि अनिल महाबळ यांचे टिपण 'करंट सायन्स'मध्ये १९७४ साली आले. पुढे बंगळूरला राघवेंद्र गदगकर यांनी हा विषय हाती घेतला तो जन्मभरासाठीच. माश्यांना रंगाचे ठिपके देऊन एकेकीची नोंद ठेवली, तेव्हा १९८३ मध्ये गदगकर आणि एन. व्ही. जोशी यांना तीन स्वभाव दिसले: बसून राहणाऱ्या, भांडणाऱ्या आणि बाहेर हिंडून अन्न आणणाऱ्या. गंमत म्हणजे राणी निघाली बसून राहणाऱ्यांतली! तिला काढून घेतले की एक कामकरी एकदम आक्रमक होते आणि काही दिवसांत तीच अंडी घालू लागते.

गुरुजींच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर इथेच आहे. या जातीत अनेक माद्या राणी होऊ शकतात, आणि वर्षातल्या कोणत्याही काळात एकटीने किंवा चार-पाच जणी मिळून नवे पोळे बांधू शकतात. दुपारी काठीने पोळे पाडले, तर चिडलेल्या माश्या डसतात त्या डसतातच, शिवाय शेजारच्या वाशाला पुन्हा बांधायला मोकळ्या राहतात. पलित्याने माश्या मरतील, पण जुन्या लाकडी छपराखाली आग नेणे हा उपाय नव्हे.

मोठ्या व्हेस्पाची गोष्ट वेगळी. रोपालिडियाचे पोळे उघडे असते, खालून घरे दिसतात; व्हेस्पाच्या पोळ्याला कागदी आवरण असते. ती रोपालिडियाच्या पोळ्यांवर धाड घालून अळ्या पळवते. तिचे पोळे शाळेजवळ असेल तर मुलांना दूर ठेवून जाणकार माणूसच बोलवावा.

दंशाचाही एक इतिहास आहे. १९०२ मध्ये रिशे आणि पोर्तिए यांनी दाखवले, की एकदा सोसलेले विष दुसऱ्या वेळी अगदी थोडे दिले तरी जीव घेऊ शकते. ते प्रयोग समुद्रफुलाच्या विषाचे होते, पण गांधीलमाशीच्या दंशानेही काहींच्या बाबतीत असे होते. म्हणून डसल्यावर सूज जागेपुरती असेल तर थंड पाण्याची पट्टी पुरते; पण अंगभर गांधी उठल्या, ओठ-चेहरा सुजला, दम लागला किंवा चक्कर आली, तर घरगुती उपायांत एक मिनिटही न घालवता दवाखाना गाठावा. तिथे अॅड्रेनलिनचे इंजेक्शन लागते.

शाळेतले पोळे उघडे होते, माश्या तांबूस. मुलांचे डबे पलीकडच्या वऱ्हांड्यात हलवले, पडवीत ये-जा बंद केली आणि पाचवी-सहावीच्या मुलांना लांबून, खिडकीआडून माश्या मोजायला बसवले. जानेवारीत पुन्हा गेलो तेव्हा ते पोळे ओस पडले होते. मुलांनी मला मागच्या बाजूच्या वाशाला बांधलेले सात घरांचे नवे पोळे दाखवले.